भाडेकरू घर गिळतो का?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत गप्पा निघाल्या. आमच्यातल्या एका काकूंचं घर अगदी रस्त्याला लागून आहे. मुलगा नोकरीला बाहेर, मुली आपापल्या सासरी, काका जाऊन सहा वर्षं झाली. घरामागं दोन खोल्या आहेत. दार वेगळं, मोरी वेगळी. चार किलोमीटरवर कॉलेज झालंय आणि तिथली पोरं-पोरी खोलीसाठी गावभर फिरतात. कुणीतरी काकूंना म्हणालं, "द्या की भाड्यानं." तर दीर म्हणाले, "वहिनी, भाडेकरू ठेवला की घर गेलंच समजा. तो गिळून बसतो." झालं. खोल्या चार वर्षं कुलपात. एकीत कांदा ठेवलाय, दुसरीत मोडका पलंग.

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मी तर लहानपणापासून ऐकतेय. ज्यांनी आयुष्यात कधी भाडेकरू ठेवला नाही, तेसुद्धा छातीठोकपणे सांगतात. म्हणून मला वाटलं, हे वाक्य आलं कुठून ते आज बघू. ते खोटं नाही बरं का. एके काळी ते पुष्कळ खरं होतं. पण कुठं खरं होतं, कधी होतं आणि आज किती उरलंय, हे कळल्याशिवाय दोन खोल्यांचं कुलूप काढायचं की नाही हे ठरवता येत नाही.

त्यासाठी मुंबईला जायला लागेल. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढायचं ठरवलं. ती सुरू झाली आणि पाठोपाठ गिरण्यांची रांग लागली. कामाला माणसं गेली ती कोकणातून, साताऱ्यातून, घाटावरून. म्हणजे आपलीच. गडी मुंबईला आणि बायको गावात शेताला, अशी कितीतरी घरं तेव्हापासून चालली. या माणसांना राहायला जागा हवी होती. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी चाळी बांधल्या. एक खोली, पुढं गॅलरी, टोकाला सगळ्यांचा मिळून नळ आणि संडास. एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी पाळ्या लावून झोपायचे. बांधणाऱ्याला भाडं चांगलं मिळायचं, त्यामुळं उजेड आणि वारा यांचा विचार कमीच झाला. १८९६ मध्ये प्लेग आला आणि याच दाटीत पसरला. मग सरकार जागं झालं. १८९८ मध्ये शहर सुधारणा मंडळ नेमलं गेलं. लोक त्याला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणायचे. त्यांनी दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, काही चाळी बांधल्या.

इथं बाईचा धंदा कुठं होता? होता. खोली भाड्यानं घेतलेल्या कुटुंबातली बाई दहा-वीस गड्यांना दोन वेळचं जेवण घालायची. तिला खानावळवाली म्हणत. घर चालवणं आणि त्यातून चार पैसे उभे करणं हे आपल्या बायकांनी तेव्हापासून केलंय, फक्त कागदावर कुठं त्यांचं नाव नव्हतं. खोली नवऱ्याच्या नावावर, किराणा दुकानदाराच्या उधारीवर आणि व्याज सावकाराचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपले बचत गट गावोगावी निघायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आता भाड्याकडे येऊ. पहिलं महायुद्ध सुरू होतं तेव्हा मुंबईत महागाई झाली, माणसं वाढली आणि घरमालक भाडी वाढवत सुटले. पगार मात्र तेवढेच. म्हणून १९१८ मध्ये सरकारनं भाडं गोठवणारा पहिला कायदा केला. तो युद्धापुरता होता, पण दहा वर्षं चालला.

याच सुमाराला मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी एक मोठा बेत आखला. सरकारच घरमालक होणार होतं. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीच्या ज्या बीडीडी चाळी आपण बातम्यांत ऐकतो, त्या या खात्याच्या. ५० हजार खोल्या बांधायच्या असं ठरलं होतं. पैसा उभा करायला कापसाच्या गाठीमागं एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या, म्हणजे साधारण १६ हजार खोल्या. आणि गंमत बघा, ज्या मुंबईत माणसं जिन्याखाली झोपत होती, तिथं या नव्या कोऱ्या खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. भाडं गिरणीकामगाराला झेपेना, काही ठिकाणं कामापासून लांब पडली, सिमेंटच्या जाळ्यांमुळं खोल्यांत अंधार. सरकारला तोटा झाला.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे रस्त्याकडेला चार गाळे बांधून ठेवलेत आणि शटरला गंज चढलाय, असं तुम्ही पाहिलं असेल. बांधणाऱ्यानं भाड्याचा हिशोब केला, पण राहणाऱ्याच्या खिशाचा केला नाही. सरकार असून चुकलं, तर आपण काय.

पुढं दुसरं महायुद्ध आलं आणि पुन्हा तेच झालं. १९३९ आणि १९४४ मध्ये भाड्यावर बंधनं आली आणि १९४७ मध्ये मोठा कायदा झाला. मुंबई भाडे नियंत्रण कायदा म्हणून तो ओळखला जातो. फाळणी झालेली, निर्वासित येत होते, घरांची भयंकर टंचाई. अशा वेळी गरीब भाडेकरूला रस्त्यावर काढू नये हा हेतू होता आणि तो योग्यच होता. कायद्यानं सांगितलं, १ सप्टेंबर १९४० ला खोलीचं जे भाडं होतं, तेच तिचं प्रमाण भाडं. आणि ठरावीक कारणं असल्याशिवाय भाडेकरूला काढता येणार नाही.

कायदा तात्पुरता होता. पण त्याला मुदतवाढ मिळत गेली, मिळत गेली आणि पन्नास वर्षं झाली. आता विचार करा. समजा १९४० मध्ये एका खोलीचं भाडं १० रुपये होतं. ज्वारी महागली, सोनं महागलं, गवंड्याची मजुरी कुठल्या कुठं गेली. खोलीचं भाडं मात्र १० रुपये आणि वर थोडाफार कर. घरमालक कशाला छप्पर दुरुस्त करतोय? पावसाळ्यात चाळी कोसळायला लागल्या. १९६९ मध्ये सरकारला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ काढावं लागलं आणि त्यासाठी उपकर बसवावा लागला.

भाडं कमी ठेवावं लागतंय म्हटल्यावर मालकांनी दुसरी वाट काढली. पागडी. म्हणजे खोलीत शिरताना भाडेकरूनं मोठी रक्कम मालकाच्या हातावर ठेवायची, बहुधा पावतीशिवाय, आणि मग नाममात्र भाड्यावर पिढ्यानपिढ्या राहायचं. खोली सोडताना नव्या भाडेकरूकडून पागडी घ्यायची आणि त्यातला वाटा मालकाला द्यायचा. त्यामुळं भाडेकरूला वाटू लागलं की खोली माझीच, आणि मालकाला वाटत राहिलं की माझीच. "भाडेकरू घर गिळतो" या वाक्याचं बी इथं पडलं. गावाकडून गेलेल्या आपल्याच माणसांनी ते सुट्टीला येताना बरोबर आणलं.

दुसरी एक वाट होती. कायदा भाडेकरूला संरक्षण देत होता, म्हणून मालक लिहून घ्यायला लागले की हा भाडेकरू नाहीच, मी याला फक्त राहायची परवानगी दिली आहे. त्याला लिव्ह अँड लायसन्स म्हणतात. बरीच वर्षं ते चाललं. मग १९७३ मध्ये सरकारनं कायद्यात दुरुस्ती केली. १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जे लोक असा करार चालू असताना घरात राहत होते, ते सगळे भाडेकरू मानले गेले. ज्यांनी अकरा महिन्यांसाठी म्हणून खोली दिली होती, त्यांची खोली एका दिवसात अडकली. त्यात बडे बिल्डर होते तशा एकट्या राहणाऱ्या, एका खोलीच्या भाड्यावर जगणाऱ्या म्हाताऱ्या बायकाही असणारच. लोकांनी धसका घेतला. मुंबईत माणसं जागेसाठी तळमळत होती आणि दुसरीकडे फ्लॅटला कुलपं लागली. काकूंच्या दोन खोल्यांचं कुलूप त्याच जातीचं आहे, फक्त इतक्या वर्षांनी आणि इतक्या लांब लागलंय.

मग बदललं काय? १९८७ मध्ये अशी सोय झाली की लायसन्सची मुदत संपल्यावर घर परत मिळवायला मालक वेगळ्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकेल. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भाडी अशी १९४० ला गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. आणि मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. ३१ मार्च २००० पासून तो लागू आहे. त्याआधी मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्राला एक कायदा, विदर्भाला जुन्या मध्य प्रांताचा दुसरा आणि मराठवाड्याला हैदराबादचा तिसरा, असा प्रकार होता. तिन्ही जाऊन एक झाला.

या कायद्यातल्या आपल्या कामाच्या तेवढ्या गोष्टी सांगते. जुन्या भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. लिव्ह अँड लायसन्सवर राहायला दिलेली जागा मुदत संपली की राहणाऱ्यानं सोडायची असते, नाही सोडली तर दुप्पट दरानं पैसे द्यावे लागतात आणि सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा ताब्यात घेता येते. पण त्यासाठी करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची, म्हणजे मालकिणीची आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि त्याहून मोठी अडचण ही की वाद झालाच, तर कोणत्या अटीवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते आधी खरं धरलं जातं. तुम्हाला ते खोटं ठरवत बसावं लागतं.

म्हणजे बघा, आज घर जाण्याची भीती आहे ती माणसापेक्षा तोंडी व्यवहाराची. "आपलीच मुलगी आहे, कशाला कागद" असं म्हणतो ना, तिथं.

एक गैरसमज आहे, अकरा महिन्यांचा. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची युक्ती काढली. वर सांगितलेला १९९९ चा कायदा जिथं लागू आहे, तिथं ही युक्ती उपयोगाची नाही. अकरा महिन्यांचाही नोंदवायचा. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात होते, आता आधार आणि अंगठा घेऊन ऑनलाइनही होते. हा कायदा यादीतल्या शहरांना आणि गावांना लागू आहे. तुमचं गाव त्यात आहे का, ते निबंधक कार्यालयात विचारा. नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. कागद तरीही कराच. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथं मोफत सल्ला मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पैसे घेतले की पावती द्यायची, हाही कायदा आहे. आणि भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडायची नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याला मालकीण व्हायचंय, जुन्या चाळीचा मालक व्हायचं नाही.

त्याच ओघात एक गोष्ट. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातलं शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर आले. संस्थानात मोठा हुद्दा, पण शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. मग गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. मुंबईत नंतर ते परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षं राहिले. सरकारी चाळ होती ती. आज आपल्या दारात एखादी पोरगी खोली विचारायला येते, तेव्हा पहिला प्रश्न "आडनाव काय?" असा असतो. तो दुसराही नसावा आणि तिसराही नसावा. ओळखपत्र बघा, कॉलेजचा दाखला बघा, पोलीस ठाण्यात माहिती द्या. ते पुरे.

आता हिशोब. खोली आधीच बांधलेली असेल तर प्रश्न सोपा आहे, रंग आणि नळ याला काय लागेल तेवढं बघायचं. पण आमच्या गटातल्या दोघीजणी म्हणाल्या, कर्ज काढून खोल्या बांधू. मी त्यांच्यासमोर पाटीवर आकडे मांडले. समजा दोन खोल्यांना ४ लाख लागले. एकीला २,५०० रुपये भाडं, म्हणजे दोघींचे महिन्याला ५ हजार, वर्षाला ६० हजार. कॉलेजला सुट्टी लागली की दोन महिने खोल्या रिकाम्या, राहिले ५० हजार. घरपट्टी, मोटार, रंग, गळती यांना ८ हजार गेले, राहिले ४२ हजार. आणि ४ लाखाला १२ टक्के व्याज म्हणजे पहिल्या वर्षी ४८ हजार. मुद्दल अजून बाजूलाच. गटाच्या शेकडा दोन रुपये महिना व्याजानं काढलं तर ९६ हजार. दोघी गप्प झाल्या. एक म्हणाली, "म्हणजे मी भाडेकरूला माझ्या पदरचे पैसे देऊन ठेवणार." बरोबर. मग ती म्हणाली की तिच्या घराला माडी आहे, वर जिना बाहेरून काढला तर? तो हिशोब वेगळा निघाला आणि जमण्यासारखा निघाला.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. घर कुणाचं? भाडं घेणारी बाई, पण करारावर "घरमालक" म्हणून सही करायचा हक्क कुणाला?

१९३७ च्या कायद्यानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क मिळाला, पण तो हयातीपुरता. विकायचा अधिकार नाही. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, हे आपल्याला माहीत आहे. १९५६ चा वारसा कायदा आला आणि बाईकडे असलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. तरी त्यात एक खोच होती. राहत्या घराची वाटणी मुलगी मागू शकत नव्हती, भावांनी वाटणी केली तरच तिला हिस्सा. लग्न झालेली असेल तर त्या घरात राहायचाही हक्क नाही. ते कलम ९ सप्टेंबर २००५ ला गेलं, तोपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं होतं. महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीनं हक्क १९९४ मध्येच दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ नं देशभरच्या मुलींना तो दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मापासून आहे. मुस्लिम भगिनींचा वारसा त्यांच्या वेगळ्या कायद्यानं चालतो, त्यात पत्नीला आणि मुलीला ठरलेला हिस्सा आहे.

कायद्याची वाट न बघताही काही घडलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन घेतलं आणि पुढं लक्ष्मीमुक्ती नावाचं काम काढलं. नवऱ्यानं आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करायची. ज्या गावात शंभर घरांनी केलं, ते लक्ष्मीमुक्त गाव. घराच्या बाबतीत २००३ च्या शासन निर्णयानं ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नवरा-बायको दोघांची नावं लावायची सोय केली. आणि २०२१ पासून बाईनं स्वतःच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

नमुना ८ मात्र मुळात घरपट्टीचा उतारा आहे, हे ध्यानात ठेवा. मालकीचा पक्का पुरावा त्याला म्हणत नाहीत. गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळालं असेल तर ते काढून ठेवा.

काकूंना आम्ही म्हटलं, आधी उतारा आणा. त्यांनी आणला. त्यावर नाव होतं सासऱ्यांचं. वारस म्हणून काकांचं नाव कधी चढलंच नव्हतं, काकूंचं तर दूरच. त्याच उताऱ्यावर दिरांचाही हक्क लागतो, आणि नणंदेचाही. दीर भाडेकरूला का भीत होते, की दुसऱ्याच कशाला, हे मी बोलणार नाही, त्यांच्या घरातला प्रश्न आहे. काकू मात्र उतारा हातात धरून बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "भाडेकरूचं राहू दे गं. मीच इथं कोण आहे ते आधी लिहून घेऊ."

वारस नोंदीचा अर्ज ग्रामपंचायतीत दिलाय. काकांचा मृत्यू दाखला, दोन्ही मुली आणि मुलाची नावं, सगळं जोडलंय. नणंदेला फोन झाला, ती म्हणाली मी सही करते, पण माझंही नाव लावा. काकू म्हणाल्या लावू. कांदा अजून खोलीतच आहे.